घरीच असते

रेवा, निहार, तुमचे आजोबा गेले तेव्हा तुम्ही फोनवर पाहिलंत, जुळे सोलापूरच्या आपल्या फ्लॅटमध्ये माणसं मावत नव्हती. जो तो म्हणत होता, "साहेबांनी कधी कुणाच्या चहालासुद्धा हात लावला नाही." ते खरं आहे. पण ते ऐकताना माझी मान वर होत नव्हती. तुमची त्यांची ओळख फोनवरचीच. लोकांनी रंगवलेले आजोबा तेवढे तुमच्याकडे राहू नयेत, म्हणून आत्ताच लिहिते.

ते कामगार कार्यालयात होते. बिड्या वळणाऱ्या बायकांची नोंदणी त्यांच्या खिडकीवर होई. नोंद झाली की कार्ड मिळे आणि कार्डावर फुकट उपचार. त्यांचा नियम एकच. "माणूस सांगेल तेच लिहायचं. पदरचं अक्षर घालायचं नाही." मी "साधारण सातला या" म्हटलं, तर विचारत, "साधारण म्हणजे किती?"

एकदा ते डबा विसरले, म्हणून मी घेऊन गेले. खिडकीशी नरसम्मा नावाची बाई उभी होती, एका डोळ्यावर पदर दाबून.

"काम काय करता?"

"काय नाय साहेब, घरीच असते की."

त्यांनी तसंच लिहिलं आणि अर्ज बाजूला ठेवला. "नुसत्या घरी असणाऱ्यांना कार्ड नाही, बाई."

रांगेतली मागची म्हातारी खवळली. "अगं नरसे, बिड्या वळते म्हण की. घरी काय लोळत पडते व्हय?"

"घरीच वळतो की आमी. मग घरीच म्हणायचं ना?" नरसम्मा गोंधळून गेली. "साहेब, काचबिंदू हाय. डाक्टर म्हणले, लवकर आपरेशन करा."

"मागाहून शिकवलेलं मी लिहीत नाही. पुढच्या या."

संध्याकाळी जेवताना मी विचारलं, "तुमच्या आई काय करायच्या हो?"

"आई? घरीच असायची," म्हणाले, आणि घास हातातच राहिला. सासूबाईंनी मंद्रूपमध्ये लोकांच्या वाकळा शिवून त्यांना शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ते विचारू लागले, "दिवसभर हाताला काय काम असतं?" मग बायका भडाभडा सांगत. नरसम्मा मात्र फिरकली नाही. पत्ता अर्जावर होता, पण त्यांचा पाय उचलत नव्हता. "उद्या जातो," म्हणत. शेवटी काही महिन्यांनी, दिवाळी उलटल्यावर गेले आणि स्वतः धावपळ करून कार्ड काढून दिलं. तोवर तिच्या डाव्या डोळ्याची नजर गेली होती. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.

"कार्ड दिलं, लई झालं साहेब," ती म्हणाली.

घरी येऊन ते न जेवता बसून राहिले. "तिनं शिव्या तरी द्यायच्या होत्या," एवढंच बोलले. पुढे कुणी त्यांच्या सचोटीचं कौतुक काढलं की ते उठून आत जात. पाहुण्यांना तो विनय वाटे. मीही कधी खुलासा केला नाही.

परवा मी मुद्दाम त्या कार्यालयात जाऊन आले. खिडकीवर आता नवीन मुलगी आहे. ती पुन्हा "काम काय करता?" असंच विचारते. मी तिला सगळं समजावलं. "हो आजी," म्हणाली आणि पुढच्या बाईकडे वळली.

नरसम्मा अजून आहे. उरलेल्या डोळ्यानं बघत बिड्या वळते.