चौकटीबाहेर आप्पा

केशर बेळगावला विद्यापीठात ऑब्जेक्ट ओरिएंटेड डिझाइन, म्हणजे संगणक प्रणालीची आखणी, शिकत होती. प्रोजेक्टला तिनं रामनगरातली घरचीच भातगिरणी घेतली. आकृतीत गिरणीच्या कामाची चौकट आखली आणि वडिलांना, आप्पांना, चौकटीत काढलं. गिरणी म्हणजेच आप्पा, हे ती लहानपणापासून बघत आलेली. सरांनी आकृती दोनदा परत केली. गिरणी वापरणारा माणूस म्हणे चौकटीबाहेरच दाखवायचा. शेवटी वैतागून तिनं आप्पांना बाहेर काढलं आणि सुगीला घरची बस धरली.

कोंड्यानं माखलेले आप्पा टोपलीनं भात ओतत होते.

"झालं काय गं तुजं चित्र?"

"व्हय. तुमाला गिरणीच्या भाईर उभं केलंय."

"बरं केलंस. कंबरडं पार गेलंय बघ."

ते खरंच बाहेर पायरीवर जाऊन टेकले. गिरणी चालूच होती. पाठीवरची सॅक न उतरवताच केशरनं टोपली उचलली.