बफ मारलेली तलवार

तलवार बघताना मी आधी मुठीकडे पाहत नाही. मुठीवरची सोन्याची तार डोळे दिपवते आणि विकणाऱ्याला तेच हवं असतं. मी पातं तोलून बघतो. चांगल्या घडणीची तलवार वजनाला कितीही असो, हाताला जड लागत नाही. मग ती तिरप्या उजेडात धरून पाण्याच्या बारीक लाटांसारखी नक्षी शोधतो. तिला जौहर म्हणतात. ते जुन्या पोलादाच्या अंगातच असतं. अशी तलवार विकत मिळावी म्हणून मी अकरा वर्षं भोपाळ, उज्जैन, ग्वाल्हेरची जुनी घरं पालथी घातली. लोक म्हणाले, हौशी माणूस. बायकोलाही मी हौस म्हणूनच सांगितलं. हौस नव्हती ती.

आमच्या भोपाळच्या घरी तशी एक तलवार होती, ग्वाल्हेरहून बाबांबरोबर आलेली. खंडेनवमीला तिची पाटावर पूजा व्हायची. बाबांनंतर पूजेचा मान दादाचा, आणि आधी तलवार साफ करून आणायचं काम माझं. जुन्या शहरात एक म्हातारे सिकलीगर होते, शस्त्रांना धार-पाणी करणारे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. ते तलवार दोन दिवस ठेवून घेत. अकरा वर्षांपूर्वी मी विसरलो आणि आदल्या दिवशी धावपळ झाली. ऑफिसातून येताना मोटारींचे बंपर चमकवणाऱ्या एका दुकानात ती दिली. त्याने मशीनच्या फिरत्या चाकावर घासून बफ मारली. दहा मिनिटांत तलवार स्टीलच्या ताटासारखी लखलखीत! जौहर गायब.

दादाने पाटावर ठेवताना पाहिलं. "हे कुणी केलं?"

"चाचांनी," मी म्हणालो.

दादा तलवार आणि मला घेऊन तडक चाचांकडे गेला. "साहब, मैंने तो इस साल तलवार देखी ही नहीं," चाचा म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे. दादाला वाटलं, म्हातारा थापा मारतोय. भर बाजारात त्याने त्यांना चोर म्हटलं, अस्सल पातं बदललं म्हणाला. त्यानंतर तलवार दादाच्या कपाटात गेली. नवमीला पाटावर विळी आणि स्क्रूड्रायव्हर येऊ लागले.

तशीच दुसरी तलवार आणून दादासमोर ठेवली की सगळं फिटेल, असा माझा हिशेब. यंदा श्रावणात ती मिळाल्यासारखी वाटली. अरेरा कॉलोनीत एक निवृत्त प्राध्यापक घर आवरत होते. तोल सुरेख, लाटा ठसठशीत. मी लगेच हो म्हणणार, तर तेच म्हणाले, "घाई करू नका. आधी जुन्या शहरातल्या सिकलीगरांना दाखवा. भोपाळमध्ये ती एकच नजर उरलीय."

टाळायला जागाच नव्हती. गेलो.

"आओ खां," चाचांनी मान वर न करताच ओळखलं. पातं उलटसुलट केलं. "तेज़ाब की कारीगरी है. देखो, दोनों तरफ़ एक ही लहर. पोलाद ऐसी नक़ल नहीं करता."

लाटा ॲसिडने काढलेल्या, म्हणजे तलवार नकली. अकरा वर्षांत शिकलेलं सगळं पाण्यात. मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, "चाचा, वो तलवार मैंने बिगाड़ी थी. बफ मरवाई थी."

"मियां, मैंने तो उसी दिन देख लिया था. पहिये के निशान थे."

"फिर बोले क्यों नहीं?"

"बोला तो था. तुम्हारे भाई ने सुना नहीं, और तुमने..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग म्हणाले, "जौहर कहीं जाता है क्या? ऊपर से मुँद गया है बस. उसी हफ़्ते ले आते तो कसीस का पानी देकर निकाल देता."

मी प्राध्यापकांची तलवार कापडात गुंडाळायला लागलो.

"अब भी निकलेगा. लेकिन तलवार बड़े भाई लाएँगे."

रविवारी सकाळी दादाच्या शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरवर जाऊन त्याला सगळं सांगितलं. वहिनीने ठेवलेला चहा त्याने घेतला नाही.

"गाढवा, मी त्या म्हाताऱ्याला चोर म्हणालो होतो."

"माझ्यामुळे."

"मग? माझ्या तोंडून गेलं ना ते!" तो उठला. कपाटातून जुन्या धोतरात गुंडाळलेली तलवार काढली. "तू गाडी चालव. तिथे मी बोलणार."

दुकानात चपला काढायची पद्धत नाही. दादाने काढल्या. उभ्यानेच म्हणाला, "चाचा, मैं ग़लत था."

"बैठिए तो सही, साहब. खड़े-खड़े गाली दी जाती है, माफ़ी नहीं माँगी जाती."

दादा बसला. चाचांनी राखेने मुठीजवळचं वीतभर पातं घासलं, धुतलं, आणि कापसाने त्यावर कसिशीचं, म्हणजे हिराकसाचं, पाणी फिरवलं. एकदा, दोनदा. चकाकी मळली. आणि त्या मळकेपणातून एक करडी लाट हळूहळू वर आली.

घरून निघाल्यापासून माझ्याशी न बोललेल्या दादाने माझं मनगट धरून बोट तिथे नेलं. "बाबा हीच दाखवायचे. आठवते?"

आठवत होती.

बाकीचं पातं नवमीच्या आत होईल, चाचा म्हणाले. न्यायला कोण येणार, दादाने विचारलं.

"ये आएगा," चाचांनी माझ्याकडे हनुवटी उडवली. "हर साल यही तो आता था."