साडूंच्या डब्यावरचं लग्न

आमच्या साडूंनी जन्मात एकही वस्तू टाकून दिलेली नाही. टाकलं ते फक्त बोलणं, आणि तेही स्वतःच्या एकुलत्या एका लेकीशी. वालूरला त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे आणि दुकानामागे घर. दुकान कुठं संपतं हे नव्या माणसाला कळत नाही, कारण पंप, पंखे आणि टेपरेकॉर्डर थेट देवघरापर्यंत पोचलेले आहेत. बैठकीतल्या पंख्याची तीन पाती तीन वेगवेगळ्या पंख्यांची. तो फिरायला लागला की खाली बसलेला पाहुणा देवाचं नाव घेतो. रिमोटला चापट मारल्याशिवाय टीव्ही लागत नाही, आणि चापट नेमकी कुठं मारायची ते फक्त साडूंना माहीत. "वस्तू बिघडत न्हाई पाव्हणं," ते मला नेहमी सांगतात, "माणूस तिला समजून घेत न्हाई." त्यावर आक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझी थोरली मेहुणी, आतून म्हणते, "लेकराचं बी तसंच अस्तंय म्हणावं." मग साडू पेचकस उचलतात आणि कुठला तरी स्क्रू उगाच आवळत बसतात.

लेकीनं पुण्यात नोकरी करता करता स्वतःच मुलगा पसंत केला. मुलाबद्दल साडूंची काही तक्रार नव्हती. तक्रार ही, की तिनं ते आधी परभणीच्या मावशीला, म्हणजे माझ्या बायकोला सांगितलं आणि बापाला आठ दिवसांनी. "माझ्या घरची गोष्ट माझ्या आधी परभणीला कळायलीय!" एवढं म्हणून त्यांनी जे तोंड फिरवलं, ते लग्नालाही गेले नाहीत. मुहूर्ताच्या वेळी ते कुणाच्या तरी विहिरीतून मोटार बाहेर काढत होते. आक्का एकटीच आली. कन्यादानाला पाटावर मी आणि माझी बायको बसलो. तेव्हापासून वालूरच्या बसमध्ये चढलो की मी साडूंशी बोलायला दुसरेच विषय जुळवत बसतो, कारण या विषयावर साडू माझ्याशी आजवर एक अक्षर बोललेले नाहीत.

लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये आला तो तसाच पडून राहिला. मोबाईलवर बघा म्हटलं तर, "लगीन काय तळहातावर बघायचं अस्तंय?" जावयानं नवा कोरा मीडिया प्लेयर पाठवला, तो खोक्यासकट दिवाणाखाली गेला. "ज्याचं लगीन, त्याच्याच डब्यावर बघू व्हय?" पण लेकही बापाचीच. तिला सातवा महिना लागला, पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरवायची वेळ आली, तेव्हा तिनं आईला स्पष्ट सांगितलं, "बाबांनी आधी माझं लग्न बघावं. मगच मी उंबरा ओलांडीन." आता सगळं अडलं होतं ते साडूंच्या जुन्या काळ्या प्लेयरपाशी. हा प्लेयर त्यांनी फार वर्षांपूर्वी हैदराबादहून आणलेला. जुने सिनेमे तो आनंदानं दाखवायचा, पण आजकालचं साफ चित्र त्याला पेलायचं नाही. लग्नाचा पेनड्राइव्ह लावला की सनई ऐकू यायची आणि चित्र चिखलात म्हैस बसावी तसं बसून राहायचं. सेलूच्या एका कारागिरानं उपाय सांगितला : आतलं सॉफ्टवेअर नवं चढवा. मात्र चढवताना वीज गेली, तर डबा कायमचा गेला.

एका रविवारी दुपारी मला निरोप आला, "या. साक्षीला कुणीतरी पाहिजे." मी गेलो. साडूंनी लाईनमनला फोन लावला होता, "अर्धा घंटा डीपीला हात लावू नको, बाबा." मदतीला ट्रॅक्टरच्या तीन जुन्या बॅटऱ्या जोडल्या होत्या, पण त्यांच्यावर त्यांचा स्वतःचाच भरवसा दिसत नव्हता. सॉफ्टवेअरचा पेनड्राइव्ह बाजूच्या, कधी न वापरलेल्या खोबणीत खोचला, तर डबा तो ओळखेचना. साडूंना घाम फुटला. त्यांनी डबा उन्हाकडे धरून खोबणीत डोकावलं आणि खजील झाले. दर खंडेनवमीला ते घरातल्या एकूण एक यंत्राची पूजा करतात, आणि इतक्या वर्षांचं हळदकुंकू त्या खोबणीत गच्च बसलं होतं. "भक्ती जास्त झाली," एवढंच म्हणून त्यांनी दात घासायच्या ब्रशनं ते खरवडून काढलं.

मग पडद्यावर पांढरी पट्टी सरकायला लागली. आक्का दारात उभी राहिली, आत येईना की बाहेर जाईना. पट्टी अर्ध्यावर आली आणि शेजारची पिठाची चक्की सुरू झाली. दिवा मंद झाला, पंखा कण्हायला लागला. "अवो, बंद करा म्हणावं कुणीतरी!" म्हणत आक्काच अनवाणी धावली. चक्की थांबली, दिवा पुन्हा उजळला, पट्टी टोकाला गेली, आणि टीव्ही काळा झाला. साडू चापट मारायलाही विसरले. माझी बोटं मी मांडीखाली दाबून धरली होती. किती वेळ गेला कोण जाणे, पण शेवटी डबा जागा झाला, साडूंनी लग्नाचा पेनड्राइव्ह लावला, सनई वाजली, आणि या वेळी सनईबरोबर चित्रही हललं.

अंतरपाट धरलेला होता. चित्र असं साफ, की मुंडावळ्यांचा मणी न् मणी मोजावा. मला दुसरीच धास्ती होती. मंगलाष्टकं संपली की कन्यादान, आणि त्या पाटावर त्यांच्या जागी मी. पण साडूंनी मध्येच चित्र थांबवलं. उठून टीव्हीजवळ गेले, मागं घेतलं, पुन्हा बघितलं, पुन्हा मागं घेतलं.

"अक्षता पडायल्यात," ते हळूच म्हणाले, "आन् ही दाराकडं बघायलीय."

आक्कानं पदर तोंडाला लावला. साडूंनी मोबाईल काढला, नंबर लावायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. पलीकडून लेकीचा 'हॅलो' आला. ते म्हणाले, "पिक्चर लय साफ यायलाय, माय. न्यायला कधी येऊ ते सांग."

कन्यादानापर्यंत आम्ही त्या दिवशी पोचलोच नाही. परतीच्या बसमध्ये मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. अक्षता टाकताना मी तिच्यापासून चार हातांवर उभा होतो. तिनं मान वळवलेली मलाही दिसली होती, आणि मला वाटलं होतं, पोर लाजतेय.