तीन आयतारांचा माणूस

आईवडिलांनंतर माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मी वासुदेव शेट्ये हे नाव घेईन. डिचोलीत आणि पेडण्यात त्यांना सगळे वासूबाब म्हणत. पाच आठवड्यांपूर्वी सकाळी ऑफिसला निघताना त्यांच्या सुनेचा फोन आला. "बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. मी पायरीवर बसलो. मग लक्षात आलं की दोनच दिवसांपूर्वी त्यांनी मला फोनवर झापलं होतं. माझ्या गाडीचं इंजिन ऑइल बदलायचं राहून गेलं होतं म्हणून...

माझे वडील दोडामार्गाकडून खाणीवर कामाला आले आणि लाटंबार्स्याला राहिले. आयुष्यभर त्यांनी टिपर चालवला. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. पणजीत नोकरी लागल्यावर मी एक जुनी पांढरी गाडी विकत घेतली. खाणीवरच्या साहेबाकडे तशीच होती आणि वडील ती कधीतरी पुसून द्यायचे, एवढंच कारण. गाडी घेतली, पण तिच्यातलं मला काही कळत नव्हतं. डिचोलीला वासूबाबांच्या गॅरेजसमोर दर रविवारी जुन्या गाड्यांची मंडळी जमतात असं ऐकून तिथे गेलो. कुणाची पोर्तुगीज काळात बोटीतून आलेली, कुणाची आजोबांनी मुक्तीनंतर घेतलेली. उंडे पाव आणि पातळभाजी खात सगळे एकमेकांच्या गाडीखाली डोकावत होते. मला चाक काढायला सांगितलं आणि मी नट उलट्या बाजूला फिरवत बसलो. वासूबाब कमरेवर हात ठेवून बघत होते.

"शिकलंस किती रे?"

"बी.कॉम."

"मगे ती पदवी घेवन ये आनी नटाक दाखव. भियान सुटात."

सगळे हसले. मग त्यांनी खाली बसून माझा हात धरला आणि बाजू दाखवली. माझ्या शिक्षणाची त्यांनी खूप थट्टा केली, पण ते मनापासून मानलंही. नवीन माणूस आला की "हो आमचो ग्रॅज्युएट" अशी माझी ओळख करून देत. माझ्या वडिलांनाही माझा अभिमान होता, पण असं चारचौघांत त्यांना कधी बोलता आलं नाही.

या मंडळींत सुटे भाग कुणी कुणाला विकत नसे. पार्से गावच्या एका गाडीचा कार्बोरेटर माझ्या गाडीत आहे आणि माझं हॉर्नचं कडं आमोण्याला. गाडी मात्र कधीकधी विकावी लागते. मुलं परदेशी जातात, म्हाताऱ्यांना क्लच दाबवत नाही. त्यासाठी वासूबाबांची एक रीत होती. घेणाऱ्याने तीन आयतार यायचं. पहिल्या रविवारी गाडी धुवायची, दुसऱ्या रविवारी मालकाबरोबर तिच्याखाली झोपायचं, तिसऱ्या रविवारी घरच्यांना बसवून फिरवून आणायचं. तोपर्यंत किमतीचा शब्द काढायचा नाही. ही रीत कशासाठी, ते मला हळूहळू कळलं. हल्ली काही लोक गावोगाव फिरून जुन्या गाड्या हेरतात, प्रेमाच्या गोष्टी सांगून स्वस्तात घेतात आणि आठवड्याभरात कितीतरी पटीने दुसरीकडे विकतात. वासूबाब त्यांना उखलपी म्हणत, उचलून नेणारे. उखलप्याला घाई असते. तीन रविवार गाडी धूत बसायला त्याला वेळ नसतो. दुसऱ्या रविवारी तो येत नाही, आणि प्रश्न आपोआप मिटतो.

माझी चूक झाली ती इथेच. मला वाटलं, इतकी चांगली मंडळी आहेत, जगाला कळायला हवं. मी इंटरनेटवर आमचं एक पान तयार केलं. गाड्यांचे फोटो टाकले, कोणत्या गावात कोणती गाडी आहे ते लिहिलं, आणि मोठ्या कौतुकाने तीन आयतारांची रीतही सविस्तर लिहिली. सगळं इंग्रजीत. फोटो पाहून वासूबाब खूश झाले. "बरें दिसतां," म्हणाले.

दोन महिन्यांनी एक गृहस्थ आले. गोड बोलणारे, हात काळे करायला तयार. आमोण्याच्या सुलभाबाईंची राखाडी गाडी त्यांना आवडली. सुलभाबाईंच्या यजमानांचं भुसारी दुकान होतं. ते गेल्यापासून गाडी नारळाच्या झापांच्या शेडमध्ये उभी होती. या गृहस्थांनी पहिल्या रविवारी ती इतकी सुंदर धुतली की सुलभाबाईंनी त्यांना जेवायला थांबवून घेतलं. दुसऱ्या रविवारी ते गाडीखाली झोपले. तिसऱ्या रविवारी त्यांनी सुलभाबाईंना पुलापर्यंत फिरवून आणलं आणि म्हणाले, "आईला हिच्यातूनच देवदर्शनाला नेणार." कुणाला शंका आली नाही. गाडी गेली. दहाव्या दिवशी तिची जाहिरात मला दिसली. सुलभाबाईंच्या यजमानांचं नाव, त्यांच्या अंगणातला फोटो, आणि किंमत त्यांना मिळाली त्याच्या कितीतरी पट. तो माणूस आमची परीक्षा पास झाला होता, कारण प्रश्नपत्रिका मीच छापली होती.

मी वासूबाबांना सांगितलं. त्यांनी पाना पुसून पेटीत ठेवला. मग म्हणाले, "चल. आमोण्याक जावया." सुलभाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. मी तोंड उघडणार इतक्यात वासूबाबच बोलले.

"वैनी, गाडी उखलप्यान व्हेली. ह्या पोरान आमची रीत इंग्रजीत लिवली. माका वाचूक येयना, पण वाचून दाखव म्हणान मी इचारूक नाय. म्हणजे चूक दोगांची."

सुलभाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. किमतीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. "गाडी चलता मगे?" एवढंच विचारलं. आम्हा दोघांनाही ते माहीत नव्हतं. "उबी रवान सडपाक नाका," त्या म्हणाल्या, "म्हणान दिली हांवें."

त्यानंतर मी रविवारी जाणं बंद केलं. वासूबाब फोन करत, मी कारणं सांगत असे. पण खरी भीती ही होती की आता कोणत्याच घरची म्हातारी माणसं मंडळींना शेडचं दार उघडणार नाहीत, आणि त्याला मी कारण. पान मी काढून टाकलं. मग ज्या इंटरनेटने घात केला त्याच्यावरच रोज संध्याकाळी ती गाडी शोधायला लागलो. सापडली तेव्हा मी वासूबाबांना पत्र लिहिलं, मराठीत, हाताने. त्यांनी उत्तर पाठवलं नाही. रविवारी सकाळी पाण्याचे दोन कॅन आणि हत्यारांची पेटी घेऊन ते माझ्या दारात उभे राहिले. "कितें बगता? बस गाडयेत."

पुढे मंडळी टिकली. सुलभाबाईंनी स्वतः शेजारच्या दोन घरांत सांगितलं की वासूबाब खोटं बोलत नाहीत, आणि शेडची दारं उघडी राहिली. रीत मात्र वासूबाबांनी बदलली. आता ती काय आहे ते मी इथे लिहिणार नाही. वाचकांनी रागावू नये.

बाराव्याला त्यांच्या सुनेने मला आत बोलावलं. गाडीचं आरसी बुक आणि विम्याचे कागद वासूबाब एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवत. त्या कागदांत माझं पत्र होतं. घडीवर ग्रीसचा अंगठा उमटला होता. आमोण्याहून आल्यावर जे मला तोंडाने सांगता आलं नव्हतं ते त्यात आहे, म्हणून जसंच्या तसं देतो.

"ती. वासूबाब यांस सा. न.

आमोण्याला तुम्ही दोष वाटून घेतलात. तो वाटण्यासारखा नव्हता. तुम्हाला इंग्रजी येत नाही हे मला माहीत होतं. मराठीत लिहिलं असतं तर तुम्ही वाचलं असतं आणि रीत लिहू नको म्हणाला असता, हेही कुठेतरी माहीत होतं. इंग्रजीत लिहिताना मला आपण मोठे झालो असं वाटत होतं. तुमच्यापेक्षा मोठे. हे त्या दिवशी सुलभाबाईंसमोर मी बोललो नाही. तुम्ही बोलू दिलं नाहीत, असं मनाला सांगत राहिलो, पण ते खरं नाही.

गाडी बेळगावात एका डॉक्टरांकडे आहे. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ऐकून फार वाईट वाटलं त्यांना. गाडी विकणार नाहीत, पण एका रविवारी सुलभाबाईंना बसवायला आमोण्याला आणतो म्हणाले. चोर्ला घाटात ती तापेल अशी त्यांना भीती वाटते. तुम्ही घाटावर त्यांना भेटलात तर बरं होईल.

सुलभाबाईंना तुम्हीच सांगा. मला बरोबर न्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नाही नेलंत तरी गाडी चालते, एवढं त्यांना आजच कळवा."