खडूची फुली

कामावर लागलो त्या दिवशी साहेबांनी मला वजनकाट्यावर उभं केलं. स्टोअरमधला लोखंडी काटा होता तो. त्यावर कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचे भाग, तोलायचे. एक कास्टिंग उतरवून बाजूला ठेवलं आणि साहेब म्हणाले, "चप्पल काढ. चढ." मी चढलो. स्टोअरकीपरने दांडीवरचं वजन सरकवलं. छप्पन्न किलो.

"बापापेक्षा चारनं कमी," साहेब माझ्या आबांकडे बघून म्हणाले. "खायला घाल याला. पुढच्या वर्षी तुझ्या जागी हाच."

सगळे हसले. आबाही हसले. त्या हसण्याचा मला इतका राग आला की अजून आठवलं तरी कानशिलं तापतात. साहेबांचं सोडा. पण माझा बाप का हसला?

आबांची जागा कुठली, ते सांगतो.

पिंपरीतली कंपनी. बाहत्तरच्या दुष्काळानंतरची दोन-तीन वर्षं. आमचं खलाशी खातं. अवजड मशीनं उचलायची, हलवायची, जागेवर बसवायची. मशीनच्या दोन टोकांच्या कड्यांत तारेचे दोन दोर अडकवायचे, ते वर क्रेनच्या हुकात एकत्र आणायचे आणि उचलायचं. मशीनचं एक टोक थोडं तरी जड असतंच. उचललं की ते तिकडं कलायचं. म्हणून हलक्या टोकावर माणूस उभा करायचे. तराजूच्या हलक्या पारड्यात खडा टाकतात, तसा. त्या माणसाला पासंगच म्हणायचे. "पासंग कुठाय?" असं साहेब विचारायचे आणि आबा चप्पल काढून पुढे व्हायचे. मशीनला माती लागू नये म्हणून चप्पल काढायची.

मग साहेब खिशातून खडू काढायचे आणि मशीनच्या पाठीवर फुली मारायचे. आबांनी दोन्ही पाय फुलीवर ठेवायचे, दोराला धरायचं आणि मशीनबरोबर वर जायचं. शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते तसेच लोंबकळत जायचे. मध्ये खांब आला तर पायानं रेटून मशीन दूर ठेवायचे.

पासंगाला माणूस कायम आमच्या वस्तीतला. राजगुरुनगरच्या अलीकडच्या एका गावातून आलेली आमची दहा-बारा घरं. बौद्ध होऊन आम्हाला बरीच वर्षं झाली होती, पण फुलीवर कोणी चढायचं हे त्यानं बदललं नव्हतं. आबांच्या आधी त्यांचा चुलतभाऊ चढायचा. एकदा मशीन खांबावर आदळलं आणि मध्ये त्याचा गुडघा होता. पुढच्या आठवड्यात दुसरं मशीन आलं, दुसरी फुली आली आणि तिच्यावर आबा उभे राहिले. चुलता वस्तीच्या तोंडाशी बाजेवर बसून असायचा. कामावर जाताना आबा त्याच्याकडे बघत नसत.

खंडेनवमीला त्याच मशीनांना झेंडूच्या माळा पडायच्या. त्या दिवशी मात्र आबांना मशीनला हात लावू देत नसत. वर्षभर पाय चालायचे, एक दिवस हात चालायचा नाही.

मी एकदा धीर करून विचारलं, "साहेब, माणसाऐवजी लोखंडाचं वजन ठेवलं तर?"

"लोखंड घसरतं," साहेब म्हणाले. "मशीनला ओरखडा येईल. जर्मन मशीन आहे. माणूस धरून राहतो."

ते रागावून बोलले नाहीत. लहान मुलाला समजावून सांगावं तसे बोलले.

त्याच वर्षी मी संध्याकाळच्या इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या वर्गाला नाव घातलं. शिफ्ट सुटली की सायकल हाणत जायचो. पहिले काही आठवडे सगळं डोक्यावरून गेलं. इंग्रजी कळेना, मास्तरांचे बाण कळेनात. मग एक दिवस त्यांनी फळ्यावर हुक काढला, हुकातून निघणारे दोन दोर काढले, खाली ओझं काढलं. मी ताठ बसलो. हे चित्र मी रोज बघत होतो. फक्त फळ्यावरच्या ओझ्यावर माणूस नव्हता.

मास्तरांनी सांगितलं, जोर किती आहे एवढं सांगून भागत नाही. तो कुठून कुठं ओढतो तेही सांगावं लागतं. हुकाला शून्य धरा. तिथून कडीपर्यंत आडवं किती आणि खाली किती, ते मोजा. हा झाला जागेचा बाण, पोझिशन व्हेक्टर. दोर ओढतो तो याच रेषेत, दुसरीकडं त्याला ओढताच येत नाही. त्या बाणाला त्याच्याच लांबीनं भागा आणि दोरातल्या ताणानं गुणा, की जोराचा बाण मिळाला. त्यातला उभा भाग तेवढा ओझं पेलतो. आडवा भाग दोन्ही दोर एकमेकांना खेचण्यात घालवतात.

 आमच्या खात्यात हिशेब सोपा होता. दोन टन ओझं, दोन दोर, एकेक टन. साहेबांपासून सगळ्यांचा हाच हिशेब. शेडचं छप्पर बुटकं, म्हणून दोर आखूड घ्यायचे. आखूड दोर म्हणजे जवळजवळ आडवे झोपलेले दोर. उभा भाग अगदी एवढासा. उरलेलं सगळं भांडण. आणि त्या भांडणावर माझा बाप अनवाणी उभा.

पुढच्या सोमवारी दोन टनांचं मशीन हलवायचं होतं. जेवणाच्या सुट्टीत मी सुतळीनं मापं घेतली. हुक किती उंचीपर्यंत जातो ते क्रेनवरच्या उस्मानभाईंना विचारलं. हुकापासून कडी आडवी दोन मीटर, खाली जेमतेम अर्धा मीटर. पहाटे उठून गणित मांडलं. एका दोरात चार टनांच्या वर ताण. दोराच्या पत्र्याच्या बिल्ल्यावर जास्तीत जास्त दोन टन लिहिलेलं. दोर जुना, ठिकठिकाणी तारा फुटलेल्या, हात फिरवला तर बोटात रुतायच्या. मी गणित तीनदा केलं. चुकावं म्हणूनच केलं. चुकलं नाही.

शनिवारी वहीचं पान फाडून साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेबांनी ते नीट वाचलं. पेन्सिलीनं एका आकड्याखाली रेघ ओढली आणि मान हलवली.

"उत्तर बरोबर आहे," ते म्हणाले. "असलंच गणित आम्हाला परीक्षेला होतं."

मला वाटलं, जमलं. मी म्हणालो, "साहेब, मग मशीनखाली गोल रूळ घालून ढकलत नेऊ. एक दिवस जास्त लागेल."

"तुला विचारलं कोणी?" साहेब म्हणाले. त्यांनी पान टेबलावर ठेवलं आणि त्यावर चहाचा कप ठेवला. "इतकी वर्षं दोर तुटला नाही. तुमच्या लोकांना चार अक्षरं आली की लगेच साहेब व्हायचं असतं. जा. सोमवारी बापाला वेळेवर पाठव."

कपाखाली माझं पान ओलं होत गेलं. मी ते बघत उभा राहिलो आणि मग बाहेर आलो. त्यांना येत नसतं तर मी माफ केलं असतं. त्यांना येत होतं. हे गणित सोडवून त्यांनी मार्क घेतले होते.

घरी आबांना सांगितलं. चित्र काढून दाखवलं. आबांनी एका बाणावरून बोट फिरवलं.

"दोर कुरकुरतो, ते ठावं हाय मला," ते म्हणाले. "वर मीच असतो न्हवं?"

"मग सोमवारी चढू नका."

"न्हाई चढलो तर तुला चढवतील. काट्यावर कशापायी उभा केला हुता तुला?"

तेव्हा मला कळलं ते का हसले होते. साहेबाला खूश ठेवायचं आणि माझी पाळी लांबवायची, एवढंच त्यांच्या हातात होतं.

सोमवारी मशीनभोवती सगळे जमले. नारळ फोडून झाला. दोर अडकवले. साहेबांनी खडूनं फुली मारली. आबांनी चप्पल काढून खांबाजवळ ठेवली, जोडीनं, नेहमीसारखी.  मी पुढे झालो आणि तळहातानं फुली पुसली.

साहेबांनी पुन्हा फुली मारली. मी पुन्हा पुसली.

"मग तू चढ," ते म्हणाले.

"मी चढणार नाही. आबाही चढणार नाहीत. आमच्यातला कोणीच चढणार नाही."

आबांनी माझा दंड धरला. "सरक. माजी भाकर घालवू नगंस."  मी सरकलो नाही. बापाला मी आयुष्यात पहिल्यांदा ढकललं, छातीवर हात ठेवून, मागं.

साहेबांनी वर बघितलं. "उस्मान, माणसाशिवाय उचल."

"सगळे लांब व्हा," उस्मानभाई वरून म्हणाले. "लांब झाल्याबिगर मी हात लावणार नाही."

लोक लांब झाले. मशीन लाकडी ओंडक्यांवरून वीतभर उचललं गेलं आणि कलायला लागलं. दोर कुरकुरला. मग तट् करून एक तार तुटली. मग दुसरी. मग मोजता आल्या नाहीत. दोर सुटला, मशीनचं हलकं टोक धाडकन खाली आलं, फिरलं आणि खांबावर जाऊन आदळलं. माझ्या तळहातानं पसरलेला पांढरा डाग खांबाला चिकटून होता. तिथं आबा असते.

 साहेब पुढे गेले आणि त्यांनी मशीनवरून हात फिरवला.

"ओरखडा आला," ते म्हणाले.

चौथ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. टाइप केलेला कागद तयार होता. माझ्या निष्काळजीपणामुळे व बेशिस्तीमुळे मशीनचे नुकसान झाले. सही केली तर नोकरी राहील. न केली तर बाहेर. आबांना तोवर झाडलोटीला लावलं होतं. ते दाराबाहेर झाडू घेऊन उभे होते. मी आत जाताना ते माझ्या कानाशी म्हणाले, "कर सही. पाया पडतो तुज्या."

मी कागद उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर हुक काढला. दोन दोर काढले. मापं घातली, बाण काढले, चार टनांचा आकडा लिहिला, बिल्ल्यावरचा दोन टनांचा आकडा लिहिला. मग मशीनच्या हलक्या टोकावर एक माणूस काढला. फळ्यावर जो नव्हता तो. त्याच्याखाली आबांचं पूर्ण नाव लिहिलं, आणि त्याच्याखाली माझी सही केली.

साहेबांनी कागद बघितला आणि कप उचलला.

"ठेवा," मी म्हणालो. "दुसरा लिहीन. तुम्ही जितके कप ठेवाल तितके लिहीन. पण फुलीवर आता आमचा पाय पडणार नाही."

नोकरी गेली, ते कळलं होतं. मी बाहेर आलो. आबांनी माझ्याकडे बघितलं नाही, ते झाडत राहिले. त्यांनी मला माफ केलं की नाही, मी आजवर विचारलेलं नाही. मी गेटपाशी गेलो, वहीचं नवीन पान उघडलं आणि तोच हिशेब पुन्हा लिहायला सुरुवात केली.