बारागाड्यांचा परिच्छेद

आमच्या शाळेत संगणक आला तेव्हा आधी त्याला हार घालण्यात आला आणि मग बरेच दिवस तो कापडाखाली झाकून ठेवला गेला. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. धरणगाव आणि एरंडोलच्या मधल्या एका गावात मी इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवत होते. मी मूळची धुळ्याची. बोलायला फटकळ, असं शाळेत सगळेच म्हणायचे आणि ते काही खोटं नव्हतं.

संस्थेच्या अध्यक्षांना सगळं गाव आबा म्हणे. त्यांचा पुतण्या पुण्यात संगणकाच्या कंपनीत होता. त्यानं सुचवलं की शाळेचं एक पान इंटरनेटवर टाकू, त्यावर गावाचा इतिहास देऊ. मुलं तो पडद्यावर शिकतील आणि अमेरिकेतल्या माणसालाही वाचता येईल. अमेरिकेत आमच्या गावावाचून कोणाचं अडलं होतं, देव जाणे. पण मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि मला मनापासून आनंद झाला. पाठ्यपुस्तकात फ्रान्सची राज्यक्रांती पानंच्या पानं, आणि खानदेश शोधायला भिंग घ्यावं लागायचं.

नववीच्या मुलामुलींना मी गावात पिटाळलं. जुन्या माणसांना विचारा, म्हटलं, कापसाचं जिनिंग कधी सुरू झालं, पहिली एसटी कधी आली, बारागाड्या कधीपासून ओढतात. मरीआईच्या यात्रेला आमच्याकडे बारा बैलगाड्या एकामागं एक बांधतात, त्यांत माणसं खच्चून बसतात आणि बैल न जुंपता भगत त्या ओढत नेतो. भगताच्या दोन्ही अंगांना चालणारे त्याचे जोडीदार म्हणजे बगले. यात्रेच्या आधी हे सगळे कडक नेम पाळतात. जमिनीवर झोपायचं, बाहेरचं खायचं नाही, कोणाच्या सुतकाचा, बाळंतपणाचा विटाळ होऊ द्यायचा नाही.

बारागाड्यांवर सगळ्या मुलांनी भरभरून लिहून आणलं. एका मुलीनं मात्र त्या प्रश्नापुढची जागा कोरी सोडली होती. हुशार मुलगी, म्हणून मला जास्तच राग आला आणि मी तिला विचारलं, तर ती खाली मान घालून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिची आई शाळेत आली. कापूस वेचायला जाणारी, माझ्यापेक्षा वयानं मोठी बाई. मी त्यांना अक्का म्हणू लागले.

"बाई, तिले नका बोलू," अक्का म्हणाल्या. "ती काय लिखी? तिना बाप त्याच गाड्यासखाले गया."

मग व्हरांड्यात उभ्या उभ्या त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचा नवरा बगल्या होता. यात्रा तोंडावर आली असताना अक्का बाळंतपणाला धुळ्याजवळ माहेरी होत्या. मुलगी झाल्याचं कळलं तसा त्याला धीर निघेना. तो तिथं गेला, पोरीला मांडीवर घेतलं आणि परत येऊन यात्रेत गाड्यांबरोबर चालला. नेमका त्याच वर्षी गावात डांबरी रस्ता झाला होता. यात्रा कमिटीचे अध्यक्षही आबाच. गाड्या जुन्या मातीच्या वाटेनं न नेता नव्या रस्त्यानं, शाळेच्या नव्या इमारतीवरून न्यायच्या, ही त्यांची हौस. त्यातून लाकडी चाकांच्या गाड्या कमी होत चाललेल्या, म्हणून निम्म्या गाड्या टायरच्या घेतलेल्या. देवळाजवळच्या उतारावर गाड्या सुटल्या त्या थांबेनात. अक्कांचा नवरा चाकाखाली गेला.

गावानं त्याच संध्याकाळी निकाल लावला: बाळंतपणाचा विटाळ घेऊन याने गाडीला हात लावला, म्हणून मरीआई कोपली. तेव्हापासून यात्रेच्या दिवशी गाड्या पुढं जाईपर्यंत अक्का आणि मुलगी दार लावून घरात बसत. आणि मुलीला कळायला लागल्यापासून कोणी ना कोणी ऐकवत आलं होतं की तुझं तोंड बघायला गेला म्हणून तुझा बाप मेला.

"एक ओळ लिखा, बाई," अक्का म्हणाल्या. "रस्ता बदलेल व्हता, इतलंच. कोनंच नाव नका लिखू. मनी पोरले ते छापेल दिसाले जोयजे."

आपल्या पोरीला ते छापलेलं दिसावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. पण ऐकीव गोष्टीवर लिहायचं नाही, हे मीच मुलांना शिकवत असे. म्हणून अपघाताच्या दिवशी गाड्यांत बसलेल्या माणसांना मी स्वतः जाऊन भेटले. ज्यांची स्वतःची गाडी टायरची होती असे एक नाना भेटले. ते म्हणाले, "टायर डांबरवर थांबतस का बाई? बठ्ठ्या गाड्या पयत सुटन्यात." म्हणजे सगळ्याच गाड्या पळत सुटल्या. आणि त्याच दमात पुढं, "पन त्यानीबी पाळाले जोयजे व्हतं." एकाच डोक्यात दोन्ही गोष्टी गुण्यागोविंदानं नांदत होत्या. मी परीक्षेत दरवर्षी 'कारणे द्या' हा प्रश्न घालणारी बाई; घरी येईपर्यंत माझं डोकं भणभणत होतं.

मी लिहिलं: 'एका वर्षी बारागाड्या मातीच्या वाटेऐवजी उताराच्या डांबरी रस्त्याने नेण्यात आल्या. त्यांत टायरच्या गाड्या होत्या. त्या थांबवता आल्या नाहीत आणि एका बगल्याचा मृत्यू झाला.' कोणाला दोष नाही, कोणाचं नाव नाही. आबांनी सगळा मजकूर माझ्यासमोर वाचला. त्या ओळींवर ते जरा थांबले, एवढंच. मग म्हणाले, "छान लिहिता बाई तुम्ही. देतो पुण्याला पाठवून." मला हायसं वाटलं. अक्कांना जाऊन सांगितलं, तर त्यांनी माझ्या हातावर गूळ ठेवला.

पान लागल्याचा निरोप आला, पण शाळेच्या संगणकाला फोनची लाइन नव्हती. म्हणून एका रविवारी आम्ही तिघी एसटीनं जळगावला गेलो. मुलीनं रविवार असूनही गणवेश घातला होता, शाळेचं पान बघायचं म्हणून. अक्का ठेवणीतलं पातळ नेसल्या होत्या. बसमध्ये त्यांनी मला विचारलं की ते पान पावसात खराब तर होत नाही ना. नाही, म्हटलं, ते कायम राहतं.

सायबर कॅफेच्या लाकडी खोक्यात आम्ही दाटीवाटीनं बसलो. तेव्हा मराठी अक्षरं पडद्यावर धड उमटत नसत, म्हणून छापलेल्या मजकुराचे फोटोच पानावर चढवले होते आणि ते वरून खाली सावकाश उलगडत यायचे. आधी शाळेची इमारत आली. मग आबा आले, फेट्यासकट. मग जिनिंग, एसटी, आणि शेवटी बारागाड्यांचा परिच्छेद. मुलीनं आईला ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. भगत, बगले, यात्रेची गर्दी, सगळं माझंच होतं. मग तिनं वाचलं, "मरीआईच्या कृपेने या यात्रेत आजवर एकही अपघात झालेला नाही."

परिच्छेद तिथंच संपत होता. मी माउस ओढून घेतला आणि पान वरखाली करत राहिले, जणू माझ्या ओळी कुठं तरी अडकून पडल्या असाव्यात. अक्कांना वाचता येत नव्हतं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"बाई, आपली ओळ कोठे शे?"

"काढली त्यांनी," मी म्हटलं. इतका संताप मला त्याआधी कधी आला नव्हता, आणि तो काढायला समोर होता फक्त एक पडदा. मुलगी रडली नाही. ती त्या वाक्याकडे बघत बसली होती. अक्कांनी विचारलं, "हाई कागदवर निघस का?" मी दुकानातल्या माणसाकडून प्रिंट काढून घेतली.

ते पान कधीच दुरुस्त झालं नाही. मी पुतण्याला पत्रं लिहिली, त्यांना उत्तर आलं नाही. पुढं त्यानं नोकरी बदलली आणि पान आपसूक दिसेनासं झालं. पण त्या रविवारी आम्ही गावात उतरलो तेव्हा अक्का घराकडे वळल्याच नाहीत. त्या सरळ आबांच्या घराकडे निघाल्या. मी म्हटलं, आधी मी एकटी बोलते. त्यांनी ऐकलंच नाही.

ओट्यावर आबा यात्रा कमिटीच्या माणसांबरोबर सुपारी कातरत बसले होते. "या बाई, पाह्यलं का पान?" त्यांनी मला विचारलं. अक्कांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, कागद मुलीच्या हातात दिला आणि तिला म्हणाल्या, "वाच." मुलीनं फक्त शेवटचं वाक्य वाचलं, खणखणीत.

"आबा," अक्का म्हणाल्या, "अपघात व्हयनाच नही, तं मंग मना नवरा आजून घर काबरं येत नही?"

आबांच्या हातातला अडकित्ता थांबला. अक्का उत्तरासाठी उभ्या राहिल्या, आणि आम्ही दोघी त्यांच्याजवळ.