कापणीचा चौकोन

जळगाव-धुळे बसमध्ये माझ्या शेजारची मुलगी केळीविक्रीच्या सॉफ्टवेअरचं ऑब्जेक्ट मॉडेल काढत होती. वस्तूंचे चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. प्रत्येक रेषेआधी पेन्सिल ओठांना टेकवायची. याच आकृतीवर ती तोंडी परीक्षेत नापास झाली होती. आज धुळ्याला पुन्हा परीक्षा होती.

“अक्का, ही बाग, हा तिचा व्यापारी,” ती मला चौकोन दाखवत म्हणाली.

“एकच? आमच्या फैजपूरला एक कापणी एकाला देतात, पुढची दुसऱ्याला.”

“अगं बाई! मग बाग आणि व्यापाऱ्याच्या मधे कापणीचा चौकोन हवा. परीक्षेत सर हेच विचारत होते! वस्तू काढता येतात हो अक्का, नाती विचारावी लागतात.”

पेन्सिल ओठांना न टेकवताच तिने नव्या रेषा ओढल्या. निकाल मला कळणार नाही. पण माझ्या कामांच्या यादीत कुठलं काम कशाला जोडलेलं आहे हे विचारून आता मीही रेषा ओढते.